पावतीवर बीएसआर कोड नव्हता

‘बुडालेले पैसे टॅक्समधून वजा होतात का?’ ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सीए ऑफिसात दर जुलैत कुणी ना कुणी हे विचारतंच. मेहुण्याला हातउसने दिलेले, भिशीवाला घेऊन पळालेला, पतपेढीत अडकलेली ठेव, लोकलमध्ये मारलेलं पाकीट. यातलं काहीही वजा होत नाही. पगार, घर, धंदा, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न अशी कायद्यात पाच शीर्षं आहेत आणि तोटासुद्धा त्यांतल्याच एकाखाली बसावा लागतो. नाही बसला, तर पैसे गेले ते गेले. मला हे तोंडपाठ आहे. पण 2024 च्या जुलैत एका काकांना ते सांगताना माझी जीभ जड झाली, आणि तो विषय अजून डोक्यातून जात नाही.

23 जुलैला अर्थसंकल्प झाला होता. शेअरवरच्या अल्पकालीन नफ्याचा दर 15 चा 20 झाला, दीर्घकालीनचा 10 चा साडेबारा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन थांबेनात. हे दर 23 जुलैपासूनच्या विक्रीला लागू, आत्ता भरतोय ते रिटर्न गेल्या वर्षाचं, हे एकेकाला समजावत होते. रिटर्नची 31 तारीख तोंडावर, आयकराचं पोर्टल दुपारी रांगत होतं. या देशात मुदतीच्या आठवड्यात पोर्टल धड चालावं एवढी साधी अपेक्षा आम्ही किती वर्षं करायची?

काका चरईत राहतात. सदुसष्टीचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. बाबा ऑफिस बघायचे तेव्हापासून त्यांची फाइल आमच्याकडे, त्यामुळे मला ‘तू’च म्हणतात. त्यांची फाइल मी नव्या आर्टिकलना, म्हणजे आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना, दाखवते. प्रत्येक बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र क्रमाने लावलेलं आणि वर पेन्सिलीने बेरीज. त्या दिवशी मात्र ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद कोंबून आले. काकूंना बरोबर आणलं नव्हतं.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून त्यांनी शेअर खरेदीचं अ‍ॅप घेतलं होतं. सुरुवातीला थोडे पैसे काढू दिले, म्हणून विश्वास बसला. मग जानेवारीत त्यांनी वर्षानुवर्षांचे म्युच्युअल फंड विकून सगळी रक्कम त्या अ‍ॅपमध्ये ओतली, म्हणजे अ‍ॅपने सांगितलेल्या कुठल्या कुठल्या करंट खात्यांत. पडद्यावर 42 लाखांचा नफा दिसत होता. काढायला गेले तर उत्तर आलं, आधी कर भरा.

“भरलाय मी टॅक्स,” काका म्हणाले. “ही पावती. हा तरी यंदाच्या टॅक्समध्ये वळता होईल ना?”

पावती 6,30,000 रुपयांची होती. वर सिंहमुद्रा, खाली शिक्का, काकांचं नाव, पॅन शेवटच्या अक्षरापर्यंत बरोबर. ‘शॉर्ट टर्म कॅपिटल गेन टॅक्स, 15 टक्के’. 42 लाखांचे 15 टक्के बरोबर 6,30,000 येतात आणि तेव्हा दरही तोच होता. चोरांनी अभ्यास केला होता. पण खऱ्या चलनावर बँकेच्या शाखेची ओळख सांगणारा सात आकडी बीएसआर कोड असतो, पैसे भरल्याची तारीख असते, पाच आकडी चलन क्रमांक असतो. तिन्ही जुळले की रक्कम 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, उमटते, एरवी सरकारच्या लेखी ती भरलेलीच नसते. या पावतीवर कोड नव्हता, क्रमांक नव्हता. करावरचा 4 टक्के उपकर धरलेला नव्हता. असेसमेंट वर्ष 2024-25 हवं तिथे 2023-24 होतं. आणि पैसे गेले होते एका माणसाच्या बचत खात्यात. मी एकेक जागा बोटाने दाखवत गेले. चौथ्या जागेला काकांनी पावती हळूच माझ्या हातातून काढून घेतली आणि घडी घातली. ते 6 लाख काकूंची ठेव मोडून भरले होते.

सायबर फसवणुकीच्या 1930 या नंबरवर फोन आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार त्यांनी केली होती, पण मार्चअखेरीस. लाजेपायी दोन आठवडे घरात बोलले नाहीत. तोवर पैसे खात्याखात्यांतून पांगले. थोडी रक्कम एका बँकेत गोठवलेली सापडली, ती कोर्टाच्या आदेशाने सुटेल तेव्हा सुटेल. सुटली तर त्यावर कर नाही, ती त्यांचीच आहे, एवढं एक बरं मी सांगू शकले.

बाकी हिशोब असा. म्युच्युअल फंड विकले ते खरे होते, त्यांच्यावरचा दीर्घकालीन नफा 15,62,000 खरा होता आणि एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडे असलेल्या त्यांच्या व्यवहारांच्या यादीत, ती विक्री दिसत होती. अ‍ॅपमधले शेअर मात्र कधी अस्तित्वातच नव्हते. डिमॅटमध्ये आले नाहीत, विकले गेले नाहीत, ब्रोकरची काँट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, नाही. हस्तांतरण नाही म्हणजे भांडवली तोटाही नाही. फाइल चाळताना काकांच्या खऱ्या डिमॅटमध्ये 62,000 चा अल्पकालीन तोटा सापडला. तो ते विसरूनही गेले होते. अल्पकालीन तोटा दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो, म्हणून तो घेतला. उरले 15 लाख, पहिला एक लाख माफ, 14 लाखांवर 10 टक्के आणि उपकर मिळून 1,45,600. शिवाय एकूण उत्पन्न 7 लाखांच्या वर गेल्यामुळे नव्या करपद्धतीत कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी 87ए ची करसूटही हातची गेली. साठीच्या पुढे धंद्याचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर लागत नाही, म्हणून त्यावरचं व्याज तेवढं वाचलं.

चोरीला गेलेल्या पैशावर कर. काकांचा मुलगा न्यू जर्सीहून फोनवर होता. तो म्हणाला, “ताई, इथे नफ्यासाठी गुंतवलेले पैसे फसवणुकीत गेले तर वजावट मागता येते.” त्याचं म्हणणं बरोबर आहे. घरगुती चोरीला तिकडेही 2018 पासून सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीशिवाय वजावट नाही, पण नफ्याच्या हेतूने केलेल्या व्यवहाराची वाट उघडी आहे. आपल्याकडे तशी तरतूदच नाही.

ओळखीच्या एका कर सल्लागाराने काकांना आधीच सुचवलं होतं की एफ अँड ओचा, म्हणजे शेअर बाजारातल्या वायद्यांचा, तोटा दाखवून टाका, धंद्याचा तोटा भांडवली नफ्यातूनही वजा होतो. होतो, पण खऱ्या सौद्यांचा. ब्रोकरचं एक स्टेटमेंट नसताना असा सल्ला देणाऱ्यांची मला चीड येते. नोटीस आली की चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड म्हाताऱ्या माणसाच्या पॅनवर लागतो, सल्ला देणारा तोवर फोन उचलत नाही.

जे मला बोचतं ते असं, की त्याच आठवड्यात वागळे इस्टेटमधल्या एका हार्डवेअरवाल्याचं काम टेबलावर होतं. त्याच्या नोकराने काउंटरवर स्वतःचा क्यूआर चिकटवून चार लाख वळवले होते. विक्री खात्यात धरलेली होती, पैसे आले नव्हते. तो तोटा मी निःशंक वजा केला. बद्रीदास डागा खटल्यात 1958 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, धंदा करताना नोकर-मुनिमाने केलेली अफरातफर हा धंद्याचाच तोटा. दुकानदाराला चोरीची वजावट आहे, पेन्शनीतल्या माणसाला नाही.

आमच्या संघटनेत अर्थसंकल्पपूर्व सूचना मागवल्या तेव्हा मी लिहून दिलं की फसवणुकीत गेलेली रक्कम, निदान ती उभी करायला त्याच वर्षी विकलेल्या मालमत्तेच्या नफ्यापुरती तरी, वजा होऊ द्या. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “मग उद्या प्रत्येकजण फसल्याचं सोंग आणेल, पुरावा काय मागणार?” पुरावा काकांच्या पिशवीतच होता. 1930 चा तक्रार क्रमांक, एफआयआरची प्रत, पैसे पाठवल्याचा बँकेचा प्रत्येक यूटीआर क्रमांक, खातं गोठवल्याचं बँकेचं पत्र. हार्डवेअरवाल्याने मला नोकराविरुद्धचा एक अर्ज आणि काउंटरचा एक फोटो दिला होता.