आडेलहाइटचा नामवृक्ष : फ्रेंच फांदी ॲलिसपर्यंत

आडेलहाइट या प्राचीन जर्मन स्त्रीनामाचा जो नामवृक्ष मी तयार करीत आहे, त्याची फ्रेंच फांदी आता ॲलिसपर्यंत सलग जुळली आहे. मधले एकही रूप केवळ अंदाजाने भरावे लागले नाही, याचे मला विशेष समाधान वाटते.

खोडाविषयी थोडक्यात सांगतो. 'आडाल' म्हणजे कुलीन आणि 'हाइट' म्हणजे प्रकार किंवा दर्जा, अशा दोन पदांचे हे नाव आहे. जर्मानिक घराण्यांत अशी पदे आईवडिलांच्या व आप्तांच्या नावांतून उचलून नव्याने जोडली जात, त्यामुळे दोन पदांमधून एक सुसंगत वाक्यार्थ काढण्याचा अट्टाहास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये दिसणारे 'उदात्त स्वभावाची' यांसारखे अर्थ म्हणूनच मी तक्त्यात घेतलेले नाहीत.

हे नाव युरोपभर पोहोचण्यामागे एका स्त्रीची कीर्ती मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. बर्गंडीच्या राजघराण्यात 931 च्या सुमारास जन्मलेली आडेलहाइट इटलीचा राजा लोथार याची राणी झाली. 950 मध्ये तिला वैधव्य आले. पुढच्या वर्षी लोथारनंतर इटलीचा राजा झालेल्या बेरेंगारने तिला कैदेत टाकले, तेथून ती निसटली आणि जर्मन राजा पहिला ओटो याच्याशी विवाहबद्ध झाली. 962 मध्ये रोम येथे दोघांचा सम्राट व सम्राज्ञी म्हणून राज्याभिषेक झाला. पुढे अल्पवयीन नातू तिसरा ओटो याच्या वतीने तिने राज्यकारभारही पाहिला. 999 मध्ये तिचे निधन झाले आणि 1097 मध्ये तिला संतपद मिळाले. क्वेडलिनबुर्गच्या मठाची प्रमुख झालेल्या तिच्या नातीचे नावही आडेलहाइटच होते. आजीचे नाव नातीला देण्याची रीत आपल्याकडच्या वाचकांना नवी वाटणार नाही.

या काळाचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे हार्ट्झ डोंगराच्या परिसरात पाडलेली चांदीची पेनिग नाणी. एका बाजूस क्रूस असून त्याच्या चार कोनांत ओटोच्या नावाची अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूस उतरत्या छपराच्या चर्चची आकृती असून तिच्याभोवती आडेलहाइटचे नाव कोरलेले आहे, आणि तेही अक्षरे मागेपुढे झालेल्या, सहज न लागणाऱ्या रूपात. तरीही, दहाव्या-अकराव्या शतकांत एका स्त्रीचे नाव नाण्यावरून हातोहाती फिरत बाल्टिक किनाऱ्यापर्यंत आणि स्कँडिनेव्हियापर्यंत जात होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता मुख्य काम. लॅटिन दस्तऐवजांत हे नाव 'आडेलाइडिस' असे लिहिले जाई. जुन्या फ्रेंच बोलीत 'ह' आधीच मावळला होता. त्यानंतर दोन स्वरांमध्ये सापडलेला 'द' घासत घासत नाहीसा झाला, शेवट आखूड झाला आणि आएलिस, आलिझ अशी रूपे उरली. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने 1121 मध्ये जिच्याशी विवाह केला, त्या लुव्हँच्या राजकन्येचे नाव ॲडेलिझा असे नोंदले गेले आहे. या रूपात 'द' अजून शाबूत आहे, पण शेवट मात्र ॲलिसच्या दिशेने वळलेला आहे. याच कारणाने मी ही नोंद फांदीच्या मधोमध ठेवली आहे.

ॲलिस इंग्लंडमध्ये रुजल्यावर कित्येक शतकांनी मूळ नाव दुसऱ्या वाटेने पुन्हा तेथे आले. 1792 मध्ये जन्मलेली साक्स-माइनिंगेनची राजकन्या आडेलहाइट ही चौथ्या विल्यमची राणी झाली आणि तिचे नाव ॲडलेड या फ्रेंच वळणाच्या रूपाने इंग्रजीत रूढ झाले. 1836 मध्ये वसवलेल्या ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहराला तिचेच नाव दिलेले आहे. त्याच शहरातून उत्तरेकडे डार्विनपर्यंत टाकलेली तारयंत्राची लाइन 1872 मध्ये पूर्ण झाली. त्या कामाचे प्रमुख चार्ल्स टॉड यांच्या पत्नी ॲलिस यांच्यावरून वाटेतील एका पाणवठ्याला ॲलिस स्प्रिंग्ज हे नाव मिळाले. म्हणजे एकाच नावाची दोन रूपे, ज्यांच्यात कित्येक शतकांचा उच्चारबदल आहे, ती वाळवंटातून जाणाऱ्या एकाच तारेवर येऊन बसली आहेत. संपूर्ण तक्त्यातील माझी सर्वांत आवडती जोडी हीच आहे.

जर्मन बाजूला हायडीची डहाळी सरळ आहे. योहाना श्पीरी यांच्या 1880 च्या कथेतील मुलीचे बाप्तिस्म्याचे नाव आईवरून आडेलहाइट असेच ठेवलेले होते, असे कथेतच सांगितले आहे. पोर्तुगीज आदेलाइदची डहाळीही लहानच आहे, मात्र ती गोव्यातील कॅथलिक कुटुंबांपर्यंत येते. 'आडेला' हे नाव मात्र मी या फांदीला जोडणार नाही. ते 'आडाल' या पहिल्या पदावरून सुटे झालेले रूप असून या पदाच्या इतर जोडनावांचेही लघुरूप ठरू शकते. म्हणून त्याला स्वतंत्र तक्ता हवा.

पुढचे काम सखल प्रदेशातील, म्हणजे आजच्या नेदरलँड्स-बेल्जियमच्या भागातील, रूपांचे आहे. हॉलंडमध्ये 1258 ते 1263 या काळात पाचव्या फ्लोरिसच्या वतीने कारभार पाहणारी त्याची आत्या डच भाषेत आलेइड किंवा आलेइडा या नावाने ओळखली जाते. येथेही मधला 'द' गळलेला आहे, परंतु शेवटचा टिकून राहिला आहे. ही गळती फ्रेंच प्रभावाने झाली की डच भाषेच्या स्वतःच्या चालीने, हे ठरवण्यासाठी उत्तर जर्मनीतील आल्हाइट आणि आल्के ही रूपे शेजारी मांडून आधी त्यांचा कालक्रम लावणार आहे.