गेरू आणि तेरेसाची पापणी

पोळ्याला बैलांसाठी आणलेला गेरू अजून डब्यात पडलाय आणि गेले आठ दिवस मी त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतेय. झालं असं की रात्री मोबाईलवर चित्रं बघता बघता स्पेनच्या संत तेरेसाचं एक जुनं ड्रॉइंग समोर आलं, बरोक काळातलं, म्हणजे साधारण सतराव्या शतकातलं, नुसत्या लाल खडूचं, आणि मी तिथेच अडकले, झूम करून करून बघत बसले.

हा लाल खडू म्हणजे लोखंडाचा अंश असलेली लाल माती, म्हणजे आपला गेरूच की! तेव्हाचे चित्रकार त्याची कांडी कापून टोक काढायचे, गडद रेघ पाहिजे तर टोक ओलं करायचे, चुकलं तर पावाच्या मऊ भागाने टिपायचे, तरी तो धड पुसला जात नाही. मी अमळनेरला पोरांना ड्रॉइंग शिकवते, रबर हातात असल्याशिवाय एक रेघ मारत नाहीत, त्यामुळे ही हिंमत मला फार मोठी वाटते.

तेरेसा स्पेनमधल्या आविलाची, जन्म १५१५ चा, मठात राहणारी. तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की डाव्या बाजूला देवदूत दिसला, मोठा नाही, लहानखुराच, चेहरा पेटल्यासारखा, हातात सोन्याचा लांब भाला आणि टोकाला जराशी आग. तो भाला त्याने काळजात पुन्हा पुन्हा खुपसला, वेदना इतकी की ती कण्हायला लागली आणि गोडी इतकी की ती संपूच नये असं वाटलं. १६२२ मध्ये तिला संतपद मिळालं, त्याच दिवशी जुन्या गोव्यात ज्यांचं शरीर ठेवलंय त्या फ्रान्सिस झेवियरनाही. शिल्पकार बर्निनीने रोममध्ये घडवलेली संगमरवरी तेरेसा सगळ्यांना माहितीय, तिच्यावर वरून सोनेरी किरणं उतरतात.

या ड्रॉइंगमध्ये किरणं नाहीत, भाला नाही, देवदूतही नाही. फक्त मागे कललेला चेहरा. पापणी अर्धी मिटलेली, दोनच रेघांची, आणि तिच्या खाली कागद कोरा सोडलाय, बस, तोच उजेड. खालच्या ओठाशी खडू जरा दाबलाय, तिथे रंग दाट झालाय. आपल्याकडे मेहूणला मुक्ताई विजेच्या कडकडाटात गुप्त झाली म्हणतात आणि कॅलेंडरवर तिचं चित्र काढताना पांढरीशुभ्र वीज आधी काढतात, मुक्ताईचा चेहरा मात्र शांत, कुठल्याही देवीसारखा. मला आता वाटतं वीज नसती काढली तरी चाललं असतं, ती पापणीत दिसायला पाहिजे होती.

काल त्याच गेरूचा खडा ब्लेडने तासून कॉपी करायला बसले. खडा भुसभुशीत, टोक टिकेना, पापणी तीनदा जाड झाली. मग डोळ्यासमोर आईच आली, हरिपाठ म्हणताना तिच्या पापण्या अशाच अर्ध्यावर थांबतात आणि तोंड जरासं उघडं राहतं, हे मी लहानपणापासून बघतेय पण कधी काढलं नव्हतं. चौथ्या वेळी तिची पापणी काढली, तेरेसाची नाही.

आई शेंगा फोडत होती, कागदाकडे वाकून बघितलं तिने.

"काय व्हयनं वं तिले?"

मी भाला, देवदूत सगळं सांगितलं. ती जरा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "तिले देव दिखना व्हई," आणि गेरूने लाल झालेली माझी बोटं आपल्या पदराने पुसायला लागली.