पिल्सेनच्या तळघरातली लाकडी पिंपं

प्रागहून चेक प्रजासत्ताकातल्याच पिल्सेन शहराला रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता येतं. स्टेशनपासून थोडं चाललं की पिल्सनर उर्केल या बिअरच्या कारखान्याची दगडी दुहेरी कमान दिसते. १८९२ साली, कारखान्याच्या पन्नाशीनिमित्त उभारलेली ही कमान बाटलीच्या लेबलावरही असते. कारखान्याची मालकी २०१७ पासून जपानच्या असाही या कंपनीकडे आहे, त्याआधी बरीच वर्षं ती दक्षिण आफ्रिकेतून वाढलेल्या कंपनीकडे होती. बिअर जगभर जाते. एवढ्या पसाऱ्यात हाताचं कसब खरंच टिकतं का, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

या कारखान्याचा जन्मच वाईट बिअरमुळे झाला. १८३८ साली इथल्या नागरिकांनी बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली. मग बिअर गाळण्याचा हक्क असलेल्या घराण्यांनी एकत्र येऊन नवा कारखाना बांधला आणि बव्हेरियातल्या विल्सहोफेन गावचा योझेफ ग्रोल याला बोलावून घेतलं. त्याचं वय तेव्हा तिशीच्या आतलं. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा लावला. मोड आणून फिकट भाजलेला मोराव्हिया प्रांताचा सातू (म्हणजे माल्ट), झातेत्स गावचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं), पिल्सेनचं अत्यंत मृदू पाणी आणि थंडाव्यात सावकाश काम करणारं यीस्ट, एवढ्यातून सोनेरी, नितळ बिअर निघाली. आज जगात सर्वाधिक खपणाऱ्या बिअरच्या प्रकाराची ही सुरुवात. ग्रोल मात्र १८४५ मध्ये करार संपताच गावी परतला.

जुन्या विभागात तांब्याच्या प्रचंड हंड्यांसमोर मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो. माल्टचं भरड पाण्यात कालवलं की त्यातला काही भाग वेगळ्या हंड्यात काढतात, उकळतात आणि परत मूळ मिश्रणात ओततात. त्यामुळे सगळ्या मिश्रणाचं तापमान एक पायरी वर चढतं. हे तीनदा होतं. थर्मामीटर सर्रास नव्हते, माल्टचा दर्जा दर खेपेला वेगळा असायचा, त्या काळात गाळणाऱ्यांना ही पद्धत भरवशाची वाटायची. आजच्या माल्टला हे लागत नाही. एकाच हंड्यात तापमान वाढवत नेलं तरी साखर उतरते, वेळ आणि इंधन दोन्ही वाचतं, आणि बहुतेक कारखान्यांनी तेच स्वीकारलंय. इथे मात्र तीनही उकळ्या आहेत, आणि हंड्यांखाली थेट ज्योत आहे. तांब्याच्या तापलेल्या तळाशी साखर किंचित करपते, त्यातून या बिअरला तिचा खमंगपणा आणि रंग मिळतो. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात गुळव्या कढईतल्या रसाचा रंग आणि बुडबुडे बघून चुलवणाचा जाळ कमीजास्त करायला सांगतो, तो मला इथे आठवला.

हॉप्सचंही तसंच. झातेत्सच्या हॉप्समध्ये कडवटपणा देणारं आम्ल कमी असतं, त्यामुळे तोच कडवटपणा आणायला ते जास्त घालावे लागतात. दुसऱ्या तेज जातीचे थोडे हॉप्स टाकले असते तर पैसे वाचले असते, पण तो मंद, गवताळ, मसालेदार वास गेला असता. झातेत्सच्या हॉप्सच्या मळ्यांना आणि तिथल्या जुन्या गोदामांना २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्याला ही बिअर समजून घ्यायची आहे त्याने तिकडेही जावं.

आता तळघर. वाळूच्या खडकात हाताने खोदलेले बोगदे, एकूण सुमारे ९ किलोमीटर. पूर्वी हिवाळ्यात साठवलेल्या बर्फाने ते गार ठेवत. विसाव्या शतकाच्या अखेरीला आंबवण्याचं काम वर, स्टीलच्या उंच टाक्यांमध्ये गेलं. स्वच्छता सोपी झाली, तापमान काट्यावर राहू लागलं. लाकूड तेव्हाच मोडीत काढता आलं असतं. तरीही थोडीशी बिअर अजून तळघरातल्या ओकच्या उघड्या हौदांत आंबते आणि ओकच्याच पिंपांत मुरते. ही लाकडातली बिअर टाकीतल्या बिअरशेजारी ठेवून चाखली जाते. टाकीतली चव जुन्या चवीपासून ढळली तर ती लगेच कळावी, यासाठी.

मला या कारखान्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटली. चव दरवर्षी केसभर सरकत गेली तर कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण तुलना गेल्या वर्षीशीच होते. इथे मापदंड जिवंत ठेवलाय, आणि तो जिवंत ठेवायला माणसं लागतात. पिंपं बांधणारे कारागीर अजून कारखान्याच्या नोकरीत आहेत. ओकच्या फळ्या वाकवणं, लोखंडी कडी ठोकणं आणि आतून राळेचा थर देणं, म्हणजे लाकडाचा वास बिअरला लागत नाही. राळ झिजली की पिंप पुन्हा वर आणायचं, जुना थर वितळवून नवा द्यायचा.

मोठ्या कारखान्यांनी या कलेला दिलेलं देणंही विसरू नये. एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट एमिल हान्सेनने १८८३ साली कोपनहेगनला कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मिळवलं आणि कार्ल्सबर्गने ते इतरांनाही दिलं. आम्लता मोजायची पीएच मोजपट्टी तिथलीच, १९०९ ची. संख्याशास्त्र शिकताना भेटणारी ‘स्टुडंट’ची टी चाचणी १९०८ साली गिनेस या आयरिश बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेटने टोपणनावाने छापली. असं संशोधन पोसायला मोठाच कारखाना लागतो. आज स्वतःच बिअर बनवणाऱ्या एखाद्या लहानशा ब्रू-पबमध्ये स्वच्छ चवीची बिअर मिळते, त्यात या प्रयोगशाळांचाही वाटा आहे.

तळघरात ओकच्या पिंपातूनच पेला भरून देतात, फिल्टर न केलेली, पाश्चरायझेशन न केलेली बिअर. रंग थोडा धुरकट. आधी ताज्या पावाचा गोडवा, मग कडवटपणा, आणि तो जिभेवर बराच वेळ राहतो, पण टोचत नाही. ते मृदू पाण्याचं काम. बाटलीतल्या बिअरशी तिचं नातं लगेच ओळखू येतं.

जाणार असाल तर इंग्रजीतल्या फेरीचं आरक्षण आधी करा. तळघर बारा महिने गार असतं, उन्हाळ्यातही स्वेटर न्या. प्रागला परतल्यावर ‘उ पिन्कासू’ या पबमध्ये जा, तिथे ही बिअर १८४३ पासून मिळते. पेल्यावरचा दाट, ओला फेस बाजूला सारू नका, तो बिअरला हवा लागू देत नाही, आणि तो तसा काढायला तिथले लोक रीतसर शिकलेले असतात.