घर पाहिलं तिसऱ्या मजल्यावर, कळलं दुसऱ्या मजल्यावर

एजंटने फ्लॅट दाखवला तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते, तरी घरातले सगळे दिवे चालू होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी बाल्कनीसमोरचा गुलमोहर बघत होते. पुण्यातलं कर्वेनगर, तिसरा मजला, लिफ्ट नाही, टू बीएचके, १९९४ ची इमारत, मागणी ७८ लाख. मुलीची शाळा चालत दहा मिनिटांवर. मनातल्या मनात मी पडदेसुद्धा लावून मोकळी झाले होते.

घरी येऊन मामाला फोन केला. मामा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होता, आता निवृत्त आहे. त्याचा पहिला प्रश्न, "टोकन दिलंस का?" नाही म्हटल्यावर तो जरा नरमला. "मग रविवारी जाऊ. सकाळी नऊला. एजंटची सोय बघत बसू नकोस."

मामाला नेण्यामागे कारण होतं. त्याआधी सिंहगड रस्त्यावरचा एक फ्लॅट त्याने जिना न चढताच नापास केला होता. खाली मीटरच्या खोलीत भिंतीवर कमरेच्या वर एक मातकट रेघ होती. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीच्या बाजूला घराघरांत शिरलं, ते आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. ही रेघ त्याच दिवसाची. वॉचमनला विचारलं तर त्याने तोंडाने उत्तर न देता हात छातीवर आडवा धरून दाखवला. आम्ही तिथूनच माघारी फिरलो.

तर रविवारी मामा आला तो शबनम पिशवी घेऊन. पिशवीत काय, तर मोजायचा टेप, टॉर्च, होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब, रुपयाचं नाणं आणि काचेची गोटी. गोटी बघून एजंट हसला.

घरात शिरल्या शिरल्या मामा मालकांना म्हणाला, "काका, तेवढे दिवे बंद करता का?" मग बेडरूमच्या भिंतीला टॉर्च जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड पाडला. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत एकदम देवीचे व्रण असल्यासारखी दिसायला लागली. जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत रंगाला फुगे आले होते, नखाने टोकरलं तर आतून पांढरी पूड पडली. ओल भिंतीतून बाहेर येताना क्षार घेऊन येते, ती ही पूड. भिंतीच्या पलीकडे काय आहे? बाथरूम.

"रंग कधी दिलात?"

"दिवाळीला."

"या एकाच भिंतीला?"

काका चहा ठेवायला सांगून आत गेले.

भेगांच्या बाबतीत मात्र मी उगाच घाबरत होते. हॉलमध्ये तुळईच्या खालून सरळ आडवी बारीक भेग होती. मामाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वीटकाम आणि काँक्रीट उन्हात वेगवेगळं प्रसरण पावतात, त्या सांध्यावर अशी रेघ येतेच. त्याला बघायचे होते कॉलम. कॉलमवर तिरकी भेग किंवा सळईच्या रेषेत उभी भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसला, तर चहासुद्धा न घेता निघायचं, असं त्याने मला जिन्यातच सांगून ठेवलं होतं. कॉलम ठीक निघाले. ड्राय बाल्कनीच्या बाहेरच्या छज्जाचं काँक्रीट मात्र वीतभर निखळून सळई उघडी पडली होती. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून देतं. "हे दुरुस्त होतं," मामा म्हणाला, "पण ते अजून झालेलं नाही, हे लिहून ठेव."

नाण्याने फरशा वाजवल्या. बहुतेक टणटणीत वाजल्या, बाथरूममधल्या सात-आठ भद्द, म्हणजे खालून पोकळ. आणि मग गोटी. बाथरूमच्या दारात सोडली की ती नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, जायला हवी. आमची गोटी निघाली, मध्ये रेंगाळली आणि गीझरखालच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तीनदा सोडली, तीनदा तिथेच. म्हणजे आंघोळीचं पाणी रोज त्या कोपऱ्यात साचतं, आणि तोच कोपरा बेडरूमच्या भिंतीला लागून.

आता एजंट हसत नव्हता.

"चल, खाली जाऊ," मामा म्हणाला. मला वाटलं संपलं. पण तो दुसऱ्या मजल्यावर थांबला आणि बरोबर खालच्या फ्लॅटची बेल दाबली. एजंट मागून, "मॅडम, खालच्यांचा काय संबंध?"

साखळी लावूनच दार उघडलं. एक आजी. वरचा फ्लॅट बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी साखळी काढली. "या. आधी मोरी बघा."

मोरीच्या छताला तपकिरी कडांचं मोठं वर्तुळ, मधला गिलावा पडलेला. खाली बादली. बादलीत फडकं टाकलेलं होतं. ते कशाला, असं मी विचारलं. "रात्री थेंब वाजतो, बाळ. फडक्यावर पडला की वाजत नाही." सहा वर्षं त्या तक्रार करत होत्या. वरचे म्हणत सोसायटीने करावं, सोसायटी म्हणे तुम्ही दोघं आपसात मिटवा.

मी नंतर वाचलं. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, संडास-बाथरूमची आतली गळती त्या फ्लॅटच्या सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. म्हणजे खरेदीखतावर सही झाली की ती बादली माझी.

पुन्हा वर आलो. मामाने बल्बच्या वायरी गीझरच्या सॉकेटमध्ये घातल्या. फेज आणि न्यूट्रलला बल्ब लख्ख लागला. फेज आणि अर्थिंगला अंधार. (हा खेळ जाणत्यानेच करावा, मी लांब उभी होते.) म्हणजे अर्थिंगच्या नावाने त्या सॉकेटला नुसतं तिसरं भोक, मागे जोडणी नाहीच. आणि त्यावर पंधरा लिटरचा गीझर.

कॉमन बाथरूमची परीक्षा वेगळी घेतली. नहाणी ट्रॅपमध्ये प्लास्टिक आणि फडकं कोंबून दोन इंच पाणी भरलं आणि चोवीस तास तसंच ठेवायला सांगितलं. काका कुरकुरले, पण काकू म्हणाल्या, "ठेवू द्या हो, विकायचंय ना?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटीच आजींकडे गेले. त्यांनी स्वतःच स्टुलावर चढायची तयारी दाखवली, मी चढू दिलं नाही. छत कोरडं. म्हणजे फोडायचं एकच बाथरूम.

बाकीचं भराभर सांगते. एजंट ८५० स्क्वेअर फूट म्हणत होता, टेपने आतला कार्पेट, म्हणजे भिंती सोडून वापरायची जागा, भरला ६३०. जुन्या करारनाम्यांत बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट क्षेत्र, लिहिलेलं असतं, भाव मात्र आपण कार्पेटवर काढायचा. पार्किंग 'फ्लॅटबरोबर विकत घेतलेलं' होतं म्हणे. स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालचं खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली सांगितलंय, म्हणून सोसायटीने ते काकांना दिल्याचा कागद मागितला आणि सुदैवाने तो निघाला. वकिलांनी मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च काढला, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, मिळकत कराची आणि महावितरणची थकबाकी नाही हे पाहिलं. यात अडलं कुठेच नाही.

अडलं ते एजंटच्या शेवटच्या हत्यारावर. "मॅडम, किरकोळ दुरुस्तीचं काय घेऊन बसलात, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे." मामाने सेक्रेटरींना गाठून दोनच प्रश्न विचारले. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं, शेवटचं कधी झालं? सेक्रेटरींनी कपाट उघडलं, बंद केलं, आणि म्हणाले, "बघून सांगतो." जमिनीची मालकीच अजून सोसायटीकडे आलेली नाही, तर रिडेव्हलपमेंटच्या नावावर एक रुपया जास्त द्यायचा नाही, एवढं माझ्यापुरतं ठरलं.

मग आम्ही बोलणी केली ती कागद समोर ठेवून. बाथरूम पूर्ण फोडून नवा कोबा, वॉटरप्रूफिंग, पाइप, फरशी यांचं कोटेशन १ लाख ६० हजार. नवं वायरिंग, अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) १ लाख २० हजार. बेडरूमचा गिलावा वेगळा. काकांनी आधी आवाज चढवला, मग आजींच्या मोरीचा फोटो पाहिला आणि गप्प झाले. मला तेव्हा त्यांचं थोडं वाईटही वाटलं. मुलाकडे बंगळुरूला चालले होते, घर रिकामं करायची घाई होती. पण सहा वर्षं बादली आजींनी उपसली होती, त्यांनी नाही. ७४ लाख ५० हजारांवर विसार पावती झाली.

फ्लॅट एकटीच्या नावावर घेतला. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, एकट्या बाईच्या नावावर ६. तेवढ्याने ७४,५०० वाचतात म्हटल्यावर नवऱ्याने स्वतःचं नाव इतक्या आनंदाने मागे घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. रक्कम ५० लाखांच्या वर असल्यामुळे १ टक्का टीडीएस आपणच कापून भरायचा असतो, हे मात्र एजंटने शेवटपर्यंत सांगितलं नाही. वकिलांनी सांगितलं.

ताबा मिळाल्यावर पहिला दिवस बाथरूम फोडण्याचा. जुना कोबा निघाला तेव्हा खालच्या विटा भिजलेल्या पावासारख्या हातात कुस्करत होत्या. नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवायच्या आधी पुन्हा पाणी भरून ठेवलं, या वेळी अठ्ठेचाळीस तास. दोन्ही दिवस खालून फोन आजींचाच. "कोरडं आहे." कामाला त्यांची काहीच हरकत नव्हती. फक्त १ ते ४ हातोडा बंद ठेवायचा, एवढंच त्यांनी बजावलं होतं.