रात्री दहाच्या दोन पोळ्या

"पोट एवढं सुटलंय मॅडम, अन् तुम्ही म्हणता मालकांची उपासमार झालीय?"

मी वॉर्डातली आहारतज्ज्ञ; विचारत होती पेशंटची बायको. बाईंचा प्रश्न रास्तच होता. काट्यावर 60 किलो. पण त्यात जलोदराचं, म्हणजे पोटात साठलेलं पाणी; त्याचे 15 टक्के वजा केले की माणूस उरतो 51 किलोंचा. "पोटाकडं नको, दंडाकडं बघा," म्हटलं. दंड मनगटासारखा झाला होता. पेशंटला माझा हात दाबा म्हटलं, तर दाब जाणवेना.

सिरॉसिसचे, म्हणजे लिव्हर कायमचं खराब होऊन आकसलेले पेशंट आमच्या वॉर्डात नेहमीचेच. यांना मात्र सगळ्यांनी मिळून, मायेपोटीच, उपाशी ठेवलं होतं. घरी कावीळ म्हणून तेल, हळद, डाळ बंद. नुसती पेज आणि उसाचा रस. बरळत असताना इथं आणलं. लॅक्टुलोज या जुलाबाच्या औषधानं पोट साफ झालं, माणूस भानावर आला, पण केसपेपरवर कुणीतरी 'प्रथिने कमी' लिहून ठेवलेलं. ही जुनी सवय काही जात नाही. लिव्हरच्या पेशंटला किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, भ्रम झाला तरी ती तोडायची नसतात. भ्रम होतो तो रक्तात साठलेल्या अमोनिया या विषारी द्रव्यानं; तो लिव्हरला झेपेना की स्नायूच थोडाफार जिरवतात. तेच झिजवले तर भ्रम परत येणारच. डॉक्टरांशी बोलून ती ओळ खोडून घेतली.

बाईंना पटवणं जास्त अवघड होतं. "डाळ दिली अन् परत डोक्यात गेलं तर?" शेवटी दही, दूध, पनीर आणि मुगाचं वरण यावर तडजोड झाली. अंड्याला त्या तयार होईनात, मीही ताणलं नाही. पोटातल्या पाण्यामुळे मीठ कमी करायचं होतं, पण सैंधव मीठ चालतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं; तेही मीठच, हे दोनदा सांगावं लागलं.

खरी गोम वेळेत होती. आमचं रात्रीचं ताट साडेसहाला येतं, सकाळचा नाश्ता साडेआठला. चौदा तास! आजारी लिव्हरमध्ये साखरेचा साठा पुरेसा नसतो, मग शरीर रातोरात स्नायू मोडून साखर बनवतं. म्हणून रात्री दहाला दोन पोळ्या आणि कपभर दूध लिहून दिलं; कर्बोदकं साधारण 50 ग्रॅम.

स्वयंपाकघरानं हात वर केले: रात्री माणूस नसतो. मग पोळ्या संध्याकाळच्याच ताटासोबत डब्यात यायच्या, दूध सिस्टरांच्या फ्रीजमध्ये. पहिल्या रात्री ते झोपेतून उठायला तयार नव्हते. बाईंनी उठवून, रागावून खाऊ घातलं.

पुन्हा बरळले नाहीत. सुट्टी मिळाली तेव्हा पाय अजून बारीकच होते. स्नायू भरायला महिने लागतात. लिव्हरच्या पेशंटच्या आहारतक्त्यात मी आता 'रात्री 10' असा वेगळा रकाना आखलाय. स्वयंपाकघर अजून कुरकुरतं.