तुम्ही विचारलंत म्हणून: दारात शेळ्या असताना अंगणवाडीत चिंध्यांची शेळी कशाला?

पालकसभेत हा प्रश्न हटकून येतो, आणि बहुतेकदा एखादी आजीच तो विचारते. "घरोघर शेळ्या बांधल्यात, अन् तुम्ही लेकरांना चिंध्यांची शेळी देऊन काय खेळवता?" प्रश्न रास्त आहे. काही जण पोपट आणा म्हणतात. पण आपल्याकडचा देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ परवानगीच देत नाही. आणि मराठवाड्यातल्या गावात चार वर्षांच्या लेकराला शेळी काय खाते हे शिकवायची गरज नसते.

पण घरच्या शेळीवर त्या लेकराचं काही चालत नाही. "सर बाजूला, शिंग मारील," एवढंच त्याच्या वाट्याला येतं. वर्गातली शेळी कधी आजारी पडणार, किती करडं देणार, बाजारात केवढ्याला जाणार, हे पोरंच ठरवतात. ठरवायचं म्हणजे बोलावं लागतं, भांडावं लागतं, पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय चिंध्यांची शेळी ओरडत नाही, त्यामुळे तिची भूक, तिचं दुखणं लेकरालाच शब्दांत सांगावं लागतं. घरी तोंड न उघडणारी पोरं शेळीच्या वतीनं भडाभडा बोलतात.

शेळी काळ्या कापडाची करा. आपल्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्याच, त्यामुळे पोरं लगेच ओळखतात. लांबी साधारण तीस सेंटीमीटर. अंगात जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या. चारही पायांत धुऊन वाळवलेली वाळू, तीही दुहेरी शिवणीच्या छोट्या पिशव्यांत. एकूण वजन अर्धा ते पाऊण किलो भरलं पाहिजे. हलकी शेळी चेंडूसारखी उडते. वजनदार शेळी दोन्ही हातांनी उचलावी लागते आणि मग आपसूक कडेवर जाते. ज्वारी किंवा सरकी मात्र भरू नका, पावसाळ्यात कीड लागते आणि उंदीर पोट कुरतडतात. डोळे बटणांचे नकोत, दोऱ्यानं भरा. घुंगरू हवंच असेल तर पोटात आत शिवा. दावं वीतभरच ठेवा, कारण ते आज ना उद्या कुणाच्या तरी गळ्यात पडणारच. आणि तोंड हसरं काढू नका, सरळ टाका घाला. कायम हसणाऱ्या शेळीला ताप येत नाही, ती रुसत नाही, अन् निम्मा खेळ तिथंच मरतो.

लेंड्यांशिवाय शेळी अपुरी. झाडलोट हा पोरांचा सगळ्यात आवडता भाग. काळ्या मातीच्या गोळ्या वळून वाळवा, पण लिंबाएवढ्या. सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान वस्तू लेकराच्या घशात अडकू शकते. एवढ्या मोठ्या लेंड्या बघून पोरं खिदळतात, खिदळू द्या. काळी माती वाळताना तडकते, म्हणून तीन वाट्या मातीला वाटीभर बारीक वाळू घाला.

पंचवीस लेकरांत सुरुवातीला एकच शेळी पुरे. दोन-तीन आणल्या की ओढाताण थांबते खरी, पण त्याबरोबर वाटाघाटीही थांबते. नाव पोरांनीच ठेवावं: तीन नावं सुचवून घ्या आणि प्रत्येकानं आपल्याला आवडलेल्या नावापुढं एक ठोकळा ठेवायचा. चिंचोके नकोत, ते नाकात जातात. वर्गातल्या किंवा गल्लीतल्या कुणाचं नाव असेल तर ते आधीच बाजूला काढा; शेळीच्या नावानं चिडवलं गेलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी येत नाही.

सामान वयाप्रमाणं बदलतं. लेव वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ सालच्या एका व्याख्यानात सांगितलं होतं की मुलासाठी काठीचा घोडा होतो, पोस्टकार्डाचा होत नाही, कारण त्यावर बसता येत नाही. तीन वर्षांच्या लेकराला पाण्यासाठी वाटीच लागते, रिकामी असली तरी चालते. वर्षभरानं ठोकळ्याची वाटी होते. पाच वर्षांचं पोर नुसती ओंजळ पुढं करतं आणि शेळी पाणी पिते. म्हणून मोठ्या पोरांपुढं प्लॅस्टिकचा सगळा संसार मांडू नका. आणि खरं पाणी तर नकोच. ओली शेळी दोन दिवस वाळत नाही.

खेळ बिघडतो तो बहुधा ताईंच्या तोंडानं. "शेळी अशी नाही खात" म्हटलं की पोरं ताईंकडं बघायला लागतात, शेळीकडं नाही. "गोंधळ केलात तर शेळी रडेल" हे त्याहून वाईट. मग ती ताईंची हेर होते. कुणी शेळीला बदडलं तर रागावू नका. "तिला लागलं वाटतं, आता काय करायचं?" एवढंच विचारा. दुसरं कुणी तरी हळद लावायला धावतंच. पण तेच लेकरू रोज तशीच मारहाण खेळत असेल, तर त्याच्या आईशी एकांतात बोला.

गावचं सगळं या खेळात येतं. हातावर रुमाल टाकून बोटांनी भाव ठरवणारे व्यापारी येतात, दुष्काळी वर्ष असेल तर चारा छावणी येते. आणि कधी तरी कुणी म्हणतंच, "आमच्याकडं कापतात." इथं ताई गडबडतात. गप्प बसवू नका, तोंडही वाकडं करू नका. कुणाच्या घरी जत्रेला, कुणाच्या घरी बकरीदला ते होतंच. "हो, कापतात. आपल्या शेळीचं काय करायचं?" असं विचारून सोडा. दूध काढायचं की कापायचं यावर पोरांत जोरात वाद होतो, तो होऊ द्या.

शेळी सांभाळायच्या पाळीच्या तक्त्यावर नावाऐवजी प्रत्येकाचं चित्र लावा. बीडकडची लेकरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, त्यांची चित्रं काढून टाकू नका. "सध्या कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) गेलाय" म्हणून पुढच्याला पाळी द्या, म्हणजे परतल्यावर जागा मागावी लागत नाही. महिन्यातून एकदा पोरांसमोर शेळीला अंघोळ घाला, शनिवारी, म्हणजे सोमवारपर्यंत वाळेल. पाय उसवला तरी घरी नेऊन गुपचूप शिवून आणू नका; सुईदोरा वर्गातच काढा आणि डॉक्टर कोण, धरणारा कोण, हे पोरांना ठरवू द्या.