चोविसावा टनर

२० मार्च २००३, गुरुवार. मी तेव्हा कुवेतमध्ये शुऐबा इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात केमिस्ट होतो. पाण्याची लॅब माझ्याकडे आणि केमिकलचं स्टोअरही माझ्याच गळ्यात, कारण आधीचा स्टोअरकीपर युद्धाच्या भीतीने आदल्या वर्षीच 'आईची तब्येत' सांगून केरळला निघून गेला होता. सकाळच्या शिफ्टच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या रेडिओवर कळलं की पहाटे साडेपाचच्या सुमारास बगदादवर अमेरिकेचा हल्ला सुरू झाला. बसमध्ये कोणी काही बोललं नाही. फहाहीलपासून शुऐबापर्यंतचा रस्ता नेहमीचाच, समुद्र नेहमीचाच, फक्त सगळ्यांच्या मांडीवर तो खाकी कापडी डबा. गॅस मास्क.

म्हणजे सगळ्यांच्या नाही, ते पण सांगायला पाहिजे. कंपनीने मास्क दिले ते ठरावीक ग्रेडच्या वरच्यांना. हेल्पर, फोर्कलिफ्टवाले, साफसफाईवाले यांना सांगितलं, टॉवेल ओला करून तोंडाला लावा. मी केमिस्ट, मला माहिती होतं की मस्टर्ड गॅस असो नाहीतर नर्व्ह एजंट, कातडीतून आत जातं, तिथे टॉवेल काय करणार. पण मी कोणाला बोललो नाही. माझ्याकडे मास्क होता ना.

त्या दिवशी मला काम होतं क्लोरीनचे टनर, म्हणजे गॅसचे अवाढव्य लोखंडी सिलिंडर, मोजायचं. समुद्राचं पाणी कूलिंगला घेतात त्यात क्लोरीन मारावा लागतो, नाहीतर पाइपात शेवाळ आणि शिंपले धरतात, त्यासाठी यार्डात नेहमी वीस-पंचवीस टनर पडलेले असायचे, एकेकात ९०० किलो. सेफ्टीवाल्यांना आदल्या रात्री साक्षात्कार झाला की इराकचं क्षेपणास्त्र या यार्डात पडलं तर सद्दामला वेगळा गॅस पाठवायची गरजच नाही. आणि ते खरंच होतं. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मनांनी बेल्जियममधल्या ईप्रला जो सोडला तो क्लोरीनच होता. म्हणून ठरलं की भरलेले टनर मोजा आणि लागतील तेवढे ठेवून बाकीचे सप्लायरकडे परत पाठवा.

रजिस्टरमध्ये २४. यार्डात २३.

मी परत मोजले. मग खडूने प्रत्येकावर आकडा टाकत मोजले. फोर्कलिफ्टवाला बांगलादेशी पोरगा, विशीतला असेल, तो माझ्या मागे मागे फिरत होता, तो पण मोजत होता बंगालीत, तेइश, तेइश. रिकामे वेगळे होते ते बघितले, शेडच्या मागे बघितलं. तेवीसच.

एरवी असतं तर मी पुढच्या महिन्यात बघू म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी, तासाभरात ही बातमी शिफ्ट सुपरवायझरपर्यंत गेली, तिथून सिक्युरिटीकडे, आणि नऊ वाजेपर्यंत वाक्य काय झालं होतं, तर शुऐबातून एक टन विषारी गॅस गायब. कोणी म्हणालं इराकी एजंट. कोणी म्हणालं काळ्या बाजारात गेला. अहो, टनर म्हणजे काय घरगुती सिलिंडर आहे का खांद्यावर टाकून न्यायला? भरलेला असला की लोखंड धरून दीड टनाचा ऐवज. पण त्या सकाळी कोण ऐकतंय.

सुपरवायझर कुवेती, आम्ही त्याला बू फहद म्हणायचो. एरवी अगदी दिलदार माणूस, माझ्या मुलीच्या बारशाला त्याने खजुराची पेटी पाठवली होती. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, एकच सांग, आहे तर दाखव, नाही तर कुठे गेला त्याचा कागद दाखव. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

दुपारी सायरन वाजला. तो आवाज मी अजून सांगू शकत नाही, आपल्याकडे गिरणीचा भोंगा असतो तसा पण मध्येच पिळवटल्यासारखा. आमचा शेल्टर म्हणजे सबस्टेशनच्या खालचा केबल सेलर. आता यातली गंमत बघा. बॉम्ब पडणार असेल तर खाली जायचं, बरोबर, पण हे गॅस हवेपेक्षा जड, ते खाली उतरतात, तेव्हा गॅस येणार असेल तर वर जायचं. आणि आमचा सेलर क्लोरीन यार्डापासून फार तर ऐंशी मीटर. हे मी मीटिंगमध्ये बोललो होतो, तर उत्तर आलं की प्लॅन अप्रूव्ह झालाय.

आत चौदा जण होतो, मास्क नऊ. काका माझ्या शेजारी होते. काका म्हणजे रत्नागिरीचे, पावसकडचे, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, १९९० ला इराकने कुवेत बळकावलं तेव्हा इथे अडकले होते आणि बगदादवरून बसने अम्मानला जाऊन एअर इंडियाने मुंबईला आलेले, त्या पावणेदोन लाखांतले एक. युद्ध म्हटलं की आम्ही सगळे काकांच्या तोंडाकडे बघायचो. काकांनी मास्क चढवला, पट्टे आवळले आणि दहा सेकंदांत डोळे बाहेर यायला लागले, हात पाय झाडायला लागले. मला वाटलं संपलं, आला गॅस. मग दिसलं की फिल्टरच्या डब्याचं प्लॅस्टिकचं बूच काढलंच नव्हतं. मी ते उपटलं तेव्हा काका आतून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण ते ऐकून मला एवढं बरं वाटलं की सांगता येत नाही.

ऑल क्लिअर लवकर मिळेना. मग मास्कच्या आतूनच वाद सुरू झाला, बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा.

सुरुवात इजिप्शियन इंजिनिअरने केली. त्याला सगळे बाशमुहंदिस म्हणायचे, मान देऊन. त्याला मास्क मिळाला होता पण तो घालत नव्हता, म्हणे इराककडे गॅसबिस काही नाहीच तर कशाला घालू. तो म्हणाला युनोच्या शस्त्र तपासनीसांचा प्रमुख ब्लिक्स, त्याची माणसं नोव्हेंबरपासून इराकभर फिरली, काय सापडलं, रॉकेटची रिकामी टोपणं. १५० किलोमीटरच्या वर जाणारी अल समूद क्षेपणास्त्रं होती ती तर इराकी स्वतःच मोडत होते. हे सगळं तेलासाठी.

काका म्हणाले, आणि इराकमधल्याच कुर्दांच्या हलबजाला १९८८ ला पाच हजार माणसं मारली ती कशाने, धूप घालून? बाशमुहंदिस म्हणाला, मारली, मी कुठे नाही म्हणतोय, पण त्याच्या आधी १९८३ ला अमेरिकेचा दूत म्हणून रम्सफेल्ड बगदादला येऊन सद्दामशी हात मिळवून गेला होता, तेव्हा इराणवर गॅस पडतच होता, तेव्हा कोणाला युद्ध करावंसं वाटलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्ही इंडियन तरी काय, १९९२ ला पाकिस्तानशी करार करताना आमच्याकडे केमिकल वेपन नाहीत म्हणालात आणि १९९७ ला जाहीर केलंत की आहेत. मला हे माहितीच नव्हतं. मी म्हटलं आपण निदान जाहीर तरी केलं. (२००९ पर्यंत ती सगळी नष्टही केली, पण ते पुढचं.)

मी स्वतः त्या दिवशी कोणत्या बाजूला होतो, खरं सांगू? मी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री पॉवेल यांच्या बाजूला होतो. फेब्रुवारीत युनोमधलं त्यांचं भाषण टीव्हीवर बघितलं होतं, हातात ती पांढऱ्या पावडरची छोटी ट्यूब धरून. माझ्यातला केमिस्ट तेव्हाही म्हणाला होता की ट्यूबने काय सिद्ध होतं, ती तर तू घेऊन आलास. पण बाकीचे आकडे होते ना. मस्टर्डचे ५५० तोफगोळे, ज्यांचा इराककडे हिशोब नाही. १०० ते ५०० टन केमिकल एजंट असणार असा अंदाज. ब्लिक्स तर युद्धाच्या बाजूचा माणूस नव्हता, पण त्यानेही जानेवारीत सांगितलं होतं की इराकच्याच एका कागदावरून ६,५०० बॉम्बचा फरक निघतो. मी हिशोबाचा माणूस. मी म्हटलं, बाशमुहंदिस, एवढा माल कागदावर आहे आणि जागेवर नाही, म्हणजे कुठेतरी लपवलाय, साधी गोष्ट आहे.

तो हसायला लागला. मास्क नसल्यामुळे नीट दिसलं. म्हणाला, तुझा चोविसावा टनर कुठे लपवलायस?

सेलरमध्ये दोन-चार जण हसले. मी नाही हसलो. माझ्या समोरच्या भिंतीला तो फोर्कलिफ्टवाला पोरगा बसला होता, ओला टॉवेल गळ्यात, त्याचं पाणी शर्टावर ठिबकत होतं. तो पण नाही हसला.

बू फहद इतका वेळ गप्प होता. त्याच्या मामाला १९९० च्या कब्ज्यात इराक्यांनी उचलून नेलं होतं, तो परत आलाच नव्हता, असे सहाशेच्या आसपास लोक होते कुवेतचे. तो म्हणाला, तुम्ही बसा मोजत. केमिकल असेल नसेल, मला काय. हा माणूस गेला पाहिजे. यावर बाशमुहंदिससुद्धा काही बोलला नाही. आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की याला गॅसचं कारण लागतच नाहीये. ज्याला खरं कारण आहे तो केमिकलचं नाव पण काढत नाहीये, आणि आम्ही बाकीचे तोफगोळे मोजतोय.

त्या दिवशी अजून सायरन झाले. क्षेपणास्त्रं आली, अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्रांनी काही हवेतच पाडली, एकातही केमिकल नव्हतं. यार्डात काही पडलं नाही.

संध्याकाळी सिक्युरिटीने त्या पोराचा बताका, म्हणजे ओळखपत्र, काढून घेतला, कारण टनर हलवणारा तोच. बताका नाही म्हणजे माणूस रूमबाहेर पडू शकत नाही, चेकपोस्टवर उचलतील. रजिस्टरवर सही माझी होती. त्यातही जानेवारी आणि फेब्रुवारीचा स्टॉक मी यार्डात न जाता टेबलावर बसून घेतला होता, मागच्या आकड्यात आवक मिळवायची, वापर वजा करायचा, झालं. हे त्या वेळी बोललो असतो तर गोष्ट तिथेच थांबली असती. नाही बोललो. घरी जाऊन बायकोला फोन केला, ठीक आहे म्हणालो.

पुढचे दहा-बारा दिवस मी फायली उपसत होतो. २८-२९ मार्चच्या रात्री कुवेत शहरातल्या सूक शर्कच्या मॉलजवळ खरंच एक क्षेपणास्त्र आदळलं, दुसऱ्या दिवशी सगळे तेच बोलत होते आणि मी चलनं वाचत होतो. शेवटी डिसेंबरचं एक डिलिव्हरी चलन सापडलं. पुढच्या बाजूला सहा टनर, माझी सही. मागच्या बाजूला गेटवरच्या माणसाने पेन्सिलने अरबीत दोन ओळी लिहिलेल्या. बाशमुहंदिसने वाचून दाखवलं, एकाचा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून त्याच ट्रकने परत. म्हणजे जो टनर मी तीन महिने सांभाळत होतो तो यार्डात उतरलाच नव्हता.

पोराला बताका परत मिळाला. तेवढ्या दिवसांचा पगार कापला तो काही मिळाला नाही, मी स्टोअरकडून अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही.

इराकचंही पुढे असंच निघालं, हे आता सगळ्यांना माहिती आहे. अमेरिकेच्याच शोधपथकाच्या २००४ च्या ड्यूल्फर रिपोर्टमध्ये आलं की साठा मुख्यतः १९९१ मध्येच त्यांनी गुपचूप नष्ट केला होता, धड नोंदी न ठेवता, आणि पुन्हा बनवायला घेतल्याचा पुरावा नाही. युद्धाच्या तोंडावर इराकी लोक अझीझिया नावाच्या जागी जमीन खणून फुटक्या बॉम्बचे तुकडे ब्लिक्सच्या माणसांना दाखवत होते, बघा, इथे मोडले. त्यांचं ते मागच्या बाजूचं पेन्सिलचं लिखाण. नंतर अमेरिकन सैनिकांना जुने गंजलेले मस्टर्डचे आणि सरीनचे गोळे बरेच सापडले, काहींना इजाही झाली, पण ते सगळे १९९१ च्या आधीचे. कर्व्हबॉल या टोपणनावाच्या ज्या इराक्याच्या फिरत्या प्रयोगशाळांच्या गोष्टीवर पॉवेलचं एवढं भाषण उभं राहिलं, तो तर केमिकल इंजिनिअर, त्याने २०११ ला कबूल केलं की मी बनवून सांगितलं. आमच्याच लाइनचा माणूस निघावा!

बू फहदला मी २००४ मध्ये विचारलं होतं. तो म्हणाला, मग? इराकमधल्या समावाजवळच्या कबरींतून आमची माणसं मिळाली ना. त्याच्या मामाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मे महिन्यात कंपनीने मास्क परत मागितले. वाटलेले सगळे स्टोअरला जमा करायचे, मोजून, सही घेऊन. या वेळी मी एकेक डबा उघडून मोजला. एक कमी. काका तेव्हा सुट्टीवर गावी होते, त्यांना फोन लावला तर मागे फवारणीच्या पंपाचा आवाज येत होता. म्हणाले, अरे, बाग लांब आहे आपली, वाऱ्याने औषध सगळं तोंडावर येतं, काय झकास चालतोय बघ हा. आणि हो, बूच काढलंय.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, एक नग, हिशोब लागत नाही.